आरसीत फियाट, बॉनेटखाली जिप्सी: 1968 च्या एका गाडीचं मूल्यमापन

गाडी फियाट 1100 डिलाइट. पहिली नोंदणी 1968 ची, प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. आरसी बुकात, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकात, रंग राखाडी, इंधन पेट्रोल, इंजिन 1089 सीसी. प्रत्यक्षात समोर उभी होती ती लालभडक, रुंद अलॉय चाकांवर, आणि बॉनेटखाली मारुती जिप्सीचं 1298 सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन. मागणी साडेसहा लाखांची. घेणारा तिशीतला तरुण, सोबत त्याचे वडील. किंमत ठरवायला मला बोलावलं होतं, आणि त्यांचे प्रश्न दोनच होते: "काका, एवढे पैसे द्यावेत का? आणि दिले तर गाडी रस्त्यावर बिनघोर चालवता येईल का?"

आपल्याकडे या दोन प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी असतं. बदललेल्या जुन्या गाडीची किंमत ती मूळ रूपाकडे किती सहज परत जाऊ शकते यावर ठरते, कारण कायदाही गाडीला मूळ रूपातच ओळखतो. या गाडीच्या बाबतीत हे इतकं स्वच्छ दिसलं की सगळं प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

विकणाऱ्या गृहस्थांचा हिशोब प्रामाणिक होता. 2016 मध्ये त्यांनी गाडी घेतली तेव्हा मूळ इंजिन धूर ओकत होतं. ओळखीच्या मेकॅनिकने जिप्सीचं इंजिन सुचवलं, आणि तांत्रिकदृष्ट्या ती सूचना हुशारीची होती. बाकीच्या मारुती गाड्यांची इंजिनं बहुतेक आडवी बसतात आणि पुढची चाकं फिरवतात. जिप्सीचं इंजिन उभं आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे. ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, तर गिअरबॉक्सपासून सुटी असते, त्यामुळे ती काढून टाकून प्रोपेलर शाफ्ट थेट मागच्या डिफरन्शियलला जोडता येतो. फियाटच्या सुमारे 40 अश्वशक्तीच्या जागी 80 अश्वशक्ती आली आणि चारऐवजी पाच गिअर मिळाले. इंजिन, वायरिंग, सीट, चाकं, रंग असा त्यांचा खर्च साडेचार लाखांचा, गाडी घेतली दोन लाखांना. म्हणून साडेसहा. "नफा नको अहो, माझे घातलेले पैसे निघाले तरी पुरे," असं ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते.

पण घातलेले पैसे आणि किंमत यांचा जुन्या गाडीत फारसा संबंध नसतो. मूळ रूपात नीट आणायला केलेला खर्च थोडाफार परत मिळतो. मूळ रूपापासून दूर न्यायला केलेला खर्च मात्र पुढच्या मालकाच्या डोक्यावर बसतो, कारण तो उलटवायलाही पैसे लागतात.

कायदा काय म्हणतो, ते आधी सांगतो. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार आरसीतले तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने या बाबतीत थोडी सैल भूमिका घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ती रद्द केली आणि कलमाचा अर्थ कडकपणेच लावायचा हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं: मान्यता नसलेले भाग बसवून गाडीत बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बदल 2016 मध्ये झाला होता म्हणून गाडी सुटत नाही. ती आजही आरसीशी जुळत नाही, आणि रस्त्यात अडवणारा अधिकारी आजची गाडी बघतो.

कलम 52 मध्ये वाटा आहेत, पण त्या अरुंद आहेत. मान्यताप्राप्त किट वापरून सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेता येते. जुनं इंजिन निकामी झालं तर त्याच जातीचं दुसरं बसवून, त्याची पावती जोडून, 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवून नोंद करून घेता येते. म्हणजे या फियाटमध्ये तिच्याच घराण्यातल्या प्रीमियर पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन बसवलं असतं तर कागद जुळवणं शक्य होतं. वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या क्षमतेचं, वेगळ्या रचनेचं जिप्सीचं इंजिन या वाटेत बसत नाही.

तरुणाने परदेशातले व्हिडिओ पाहिले होते. तिकडे जुन्या शरीरात नवं इंजिन घातलेल्या गाड्या मूळ गाड्यांपेक्षा महाग विकल्या जातात, मग इथे का नाही, हा त्याचा प्रश्न रास्त होता. फरक कागदाचा आहे. जर्मनीत एकेक गाडी तज्ज्ञाकडून तपासून घेऊन तिच्यातला बदल कागदोपत्री नोंदवता येतो. ब्रिटनमध्ये अनेक वर्षं चाललेल्या गुणपद्धतीत गाडीची ओळख टिकवायला 8 गुण लागत: मूळ शरीराला 5, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टेअरिंगला प्रत्येकी 2, आणि इंजिनाला फक्त 1. तिथे इंजिन बदललं तरी गाडी तीच राहते. आपल्याकडे आरसीवर चासी नंबरच्या शेजारी इंजिन नंबर लिहिलेला असतो आणि दोन्ही जुळावे लागतात. त्यामुळे तिकडच्या किमतीचा दाखला इथे देता येत नाही. ज्या गाडीला कायदेशीर रस्ता नाही, तिला मोजकेच गिऱ्हाईक मिळतात.

विक्रेत्यांनी पीयूसी प्रमाणपत्र पुढे केलं. खरंखुरं होतं. भारत स्टेज हे धुराचे सरकारी मापदंड येण्याआधीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे, आणि फ्युएल इंजेक्शनचं इंजिन तिच्या कितीतरी खाली राहतं. पण पीयूसीचं यंत्र धूर मोजतं. तो कोणत्या इंजिनातून येतो हे त्याला कळत नाही. विम्याचंही तसंच. थर्ड पार्टीच्या हप्त्यात 1000 ते 1500 सीसी हा एकच गट असल्याने 1089 आणि 1298 ला हप्ता तेवढाच पडतो, म्हणून विमा कंपनीचं काही बिघडत नाही असं त्यांचं म्हणणं. पॉलिसीवर मात्र वर्णन मूळ फियाटचं होतं. स्वतःच्या नुकसानीचा दावा अशा वेळी नाकारला जाऊ शकतो, आणि दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याला दिलेली भरपाई कंपनी मालकाकडून वसूल करायला जाऊ शकते. या एका गोष्टीवर वडील गप्प झाले. मुलाला पटवायला मला कलम 52 लागलं, त्यांना एवढं पुरलं.

तिसरी अडचण तारखेची होती. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. या गाडीची मुदत 2024 मध्ये संपली होती आणि पुढचं नूतनीकरण झालं नव्हतं. म्हणून चालवून पाहणं झालं ते त्यांच्या बंगल्याच्या आवारातच, आणि बाकी सगळी तपासणी गाडी उभी असताना.

चासी नंबरपासून सुरुवात केली. हा बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर ठोकलेला होता, वर लाल रंगाचे दोन थर. थिनरच्या फडक्याने रंग हलकेच काढला, पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली. ठसा स्वच्छ उठला. आकडे थोडे खालीवर होते, हाताने ठोकलेले असतात तसे, पण भोवती ग्राइंडरचे ओरखडे नव्हते आणि पत्र्याला वेल्डिंगची कड नव्हती. आरसी बुकाशी आकडान् आकडा जुळला. या प्रकरणातली पहिली चांगली बातमी ही. चासी नंबरात शंका असती तर मी तिथेच थांबायला सांगितलं असतं, गाडी फुकट मिळत असली तरी.

मग पत्रा. चुंबक घेऊन खालची कड फिरलो. दारांच्या खालच्या सिलवर तो नीट चिकटत होता, मागच्या उजव्या मडगार्डवर एका जागी सुटला; तिथे तळहाताएवढी पुट्टी होती. पन्नाशी उलटलेल्या गाडीला हे फार नाही. जॅक लावायच्या जागा घट्ट होत्या. मागच्या स्प्रिंगपाट्यांचे शॅकल, म्हणजे त्या जोडणाऱ्या कड्या, झिजलेले, पण मूळचे.

खरी जखम आत होती. या गाडीला गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला असतो, जमिनीतून काही वर येत नाही. जिप्सीच्या गिअरबॉक्ससाठी पुढच्या दोन सीटच्या मधला उंचवटा कापून वाढवला होता आणि वर जाड पत्र्याचा तुकडा वेल्ड केला होता. ट्रक-जीपला खाली वेगळी चौकट असते, ही गाडी तशी नाही. इथे जमिनीचा पत्राच गाडीचा कणा आहे. कापलेल्या भागाची एक कड आडव्या पट्टीपर्यंत गेली होती, पट्टी मात्र शाबूत होती. कापणाऱ्याने तिथे हात आखडता घेतला, हे या गाडीचं नशीब. तेवढ्याने दुरुस्ती निम्म्यावर आली.

सर्वांत जास्त काळजी वाटली ती इंधनाच्या नळीची आणि ब्रेकची. मूळ कार्ब्युरेटरला पेट्रोल अगदी कमी दाबाने लागतं, इंजेक्शनला त्याच्या दहापटीच्या घरात, अडीच-तीन बारपर्यंत. टाकीपासून निघालेली नळी धातूची होती, पण इंजिनाजवळचा शेवटचा वीतभर तुकडा कार्ब्युरेटरच्या गाडीचा साधा रबरी. त्यावर क्लिप आवळलेल्या जागी बारीक भेगा दिसत होत्या, आणि तो एक्झॉस्टच्या जवळून जात होता. गाडीला आग लागायला एवढं पुरतं. ब्रेक चारही चाकांना मूळचे ड्रम, काहीच बदल नाही. दुप्पट ताकदीची गाडी लांब घाटात उतरवताना ते ड्रम तापून ब्रेक लागणं बंद होईल. इंजिनावर लाखभर खर्चून ब्रेक तसेच सोडलेले मी अनेक गाड्यांत पाहिलेत आणि दर वेळी तितकंच वाईट वाटतं. बदल करायचाच तर ब्रेकपासून करायला हवा.

जिप्सीच्या इंजिनाचा नंबर टिपून घेतला आणि पावती मागितली. पावती नव्हती. "लष्कराच्या लिलावातलं आहे" एवढंच तोंडी. असेलही, जिप्सीच्या बाबतीत ते अशक्य नाही. पण कागद नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 चा, चोरीचा माल बाळगल्याचा, प्रश्न उभा राहू शकतो. माझ्या लेखी त्या इंजिनाची किंमत शून्य झाली, चालायला कितीही गोड असो.

इथवर गाडी सोडून द्या असंच सांगायचं होतं. मग सहज विचारलं, "मूळ इंजिनाचं काय केलंत?" ते म्हणाले, पडलंय मागच्या खोलीत, भंगारवाल्याने चार हजार सांगितले होते म्हणून दिलं नाही.

पोत्यांच्या मागे इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही होते. स्पार्क प्लगच्या भोकांत कुणीतरी चिंध्या कोंबल्या होत्या, त्याला मनोमन धन्यवाद दिले. नंबरच्या जागेवर चिकट मळी. तारेच्या ब्रशने नको, रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने साफ केली. आकडे एकेक करून वर आले आणि आरसी बुकातल्या नंबरशी जुळले. बापलेकांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद उमटला, तो लाल रंग बघताना नव्हता.

सरकारच्या 'वाहन' या नोंदणी पोर्टलवर मात्र इंजिन नंबरातला एक आकडा वेगळा होता. बुकात 3, तिथे 8. जुन्या हस्तलिखित रजिस्टरवरून नोंदी संगणकावर चढवताना अशा चुका होतात. आरसी बुक आणि इंजिनाचा ब्लॉक एकमेकांशी जुळत असतील तर दुरुस्तीचा अर्ज करून हे सुटतं, पण ते मालकी बदलण्याच्या आधी, विकणाऱ्याच्या नावावर गाडी असतानाच करून घ्यावं. नंतर दोघांनाही खेटे पडतात.

मूळ इंजिन सापडल्यावर किंमत काढता आली. याच अवस्थेच्या पत्र्याची, पण मूळ रूपातली आणि कागद चालू असलेली डिलाइट आमच्या माहितीतल्या व्यवहारांत चार लाखांच्या आसपास गेली होती. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून या घराण्यातली गाडी विकणारा प्रत्येक जण त्याचा दाखला देतो. मी तो हिशोबात धरला नाही. चार लाखांतून वजावट अशी: इंजिन उघडून बोअर, पिस्टन, क्रँक, बेअरिंग 70 हजार, गिअरबॉक्स तपासणं आणि स्टेअरिंगवरच्या गिअर-दांड्याच्या हरवलेल्या जोडदांड्या जमवणं 25, जमिनीचा पत्रा मूळ घाटाचा करून बसवणं 40, वायरिंग पुन्हा मूळ पद्धतीने 25, रेडिएटर, डायनामो, इंधनाची नळी, ब्रेकचे लायनर आणि सिलिंडर मिळून 20, नूतनीकरण, पर्यावरण कर, उशिराचा दंड, रंगबदलाची नोंद 20. झाले दोन लाख. वर अनपेक्षित खर्चासाठी 25 हजार, कारण बंद पडलेलं इंजिन उघडल्याशिवाय खरं बोलत नाही. उरतात पावणेदोन लाख.

रंगाची वजावट मी केली नाही. लाल रंग काम म्हणून नीट झाला होता. अर्ज, तपासणी आणि आरसीत नोंद एवढ्यावर भागतं. अलॉय चाकांचं मूल्यही धरलं नाही, मूळ चाकं त्याच खोलीत होती.

तरुणाने मध्येच विचारलं की सगळं काढून गाडी इलेक्ट्रिकच केली तर? या गाडीला मान्यताप्राप्त किट मिळालं तर कायद्याला हरकत नाही, पण ज्या गाडीचं मूळ इंजिन नंबरासकट सापडलंय तिच्यावर हा प्रयोग करू नये असं मी स्पष्ट सांगितलं. अशा गाड्या आता वाढणार नाहीत, कमीच होणार.

विक्रेत्यांना पावणेदोन लाख ऐकून राग आला, आणि तो येणं स्वाभाविक होतं. त्यांनी त्या गाडीवर जीव लावला होता. मी त्यांना वजावटीचा कागद दिला आणि त्यांच्या मेकॅनिकला दाखवा म्हटलं. आठवड्याने त्यांचाच फोन आला. इंजिनाच्या कामाचा आकडा मेकॅनिकने माझ्यापेक्षा जास्त सांगितला होता. दोन लाखांवर व्यवहार ठरला, तीन अटींवर: वाहन पोर्टलवरची दुरुस्ती ते करून देणार, मूळ सुटे भाग सगळे गाडीसोबत येणार, आणि जिप्सीचं इंजिन त्यांच्याकडेच राहणार. 25 हजार जास्त का, असं वडिलांनी विचारलं. मूळ सीट, डायल आणि हबकॅपसकट चाकं वेगळी शोधायला गेलं तर एवढ्यात मिळत नाहीत, म्हणून.

काम सुरू होण्याआधी एक निर्णय बाकी होता: व्हिंटेज नोंदणी करायची की नाही. 15 जुलै 2021 च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत 81अ पासून पुढचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात जपलेली, चासी, शरीर किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली, एवढ्यांनाच ही नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदवली तर नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. वयाच्या अटीत ही फियाट आरामात बसते. जिप्सीच्या इंजिनासह ती अपात्र होती, मूळ इंजिनासह अर्ज करता येतो. जमिनीच्या पत्र्याची दुरुस्ती तपासणी समितीला दिसेल, म्हणून कापलेल्या भागाचे आणि दुरुस्तीच्या प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो ठेवायला सांगितले.

पण व्हिंटेज नोंदणीला बंधन आहे. ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्तीला नेणं एवढ्यापुरतीच. या घरातल्या वडिलांना रविवारी सकाळी गाडी काढून बहिणीकडे जायचं होतं. त्यासाठी साधी खासगी नोंदणी पाच वर्षांनी नूतन करत राहणंच योग्य, आणि त्यांनी तेच निवडलं.

इंजिन उघडल्यावर क्रँक एका मापाने घासावा लागला, ब्लॉक मात्र वाचला. मालकी बदलताना फॉर्म 29 आणि 30, नूतनीकरणाच्या तपासणीत चासी आणि इंजिन दोन्हींचे पेन्सिल ठसे, रंगाची नोंद, हे सगळं एकाच आरटीओत झालं. जुन्या गाड्यांसाठी सक्तीची झालेली एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबराची पाटी, तेवढी उशिरा आली. एकूण खर्च दोन लाख बारा हजार, म्हणजे राखून ठेवलेल्या 25 हजारांतले 12 वापरले गेले. गाडी आज त्यांना चार लाख बारा हजारांना पडली आहे, आणि विम्याच्या पॉलिसीवर जे वर्णन आहे तेच बॉनेटखाली आहे.